मॉस्कोतली मैत्रीण

कोर्टाने उलकानला पुन्हा आपल्या मर्जीची मालकीण ठरवलं, त्या दिवशी तिचा भाऊ पांढरी कल्पाक टोपी घालून आला होता. सव्वीस वर्षांपूर्वी त्याच्याच अर्जावरून कोर्टाने तिला वेडी ठरवून तिचा सह्या करायचा हक्क काढून घेतला होता. न्यायाधीशबाईंनी विचारलं तेव्हा तो सरळ बोलला. बहीण आता बरी आहे, स्वतःचं स्वतः बघेल, माझी हरकत नाही. बाहेर आल्यावर त्याने तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, बटाटे काढायचे दिवस आहेत म्हणाला आणि गेला. घरी चल असं तो म्हणाला नाही. तिनेही विचारलं नाही.

उलकान खरोखरच आजारी पडली होती. पहिलं बाळ जन्मतःच गेलं आणि त्यानंतर तिला भिंतींतून रडणं ऐकू यायला लागलं. एकदा ती त्या आवाजामागे अनवाणी बर्फात निघाली. तिला इस्पितळात ठेवलं, आणि गोळ्यांनी तिसऱ्या वर्षी आवाज थांबला. पण तोवर नवऱ्याने दुसरा संसार मांडला होता. न्यायला कुणी आलंच नाही, आणि न्यायला कुणी आल्याशिवाय सोडायची रीत नव्हती.

मग सरकारने नवं धोरण आणलं. माणसांना जन्मभर इस्पितळात ठेवायचं नाही. ज्यांना घर आहे त्यांनी घरी जावं, ज्यांना नाही त्यांच्यासाठी लहान लहान घरं घ्यावीत, गोळ्या जवळच्या दवाखान्यातून मिळाव्यात. डोंगराच्या पायथ्याचा अडतीस खाटांचा वॉर्ड वसंतात रिकामा झाला आणि त्याला कुलूप लागलं.

उलकानला तोकमोक शहरात दोन खोल्यांचं घर मिळालं. सोबतीला तुर्सुन नावाची म्हातारी होती. ती भिंतीकडे तोंड करून जेवायची आणि कुणाशी बोलायची नाही. आठवड्यातून दोनदा एल्नुरा नावाची मुलगी येऊन चौकशी करायची. पहिल्याच दिवशी तिने पाहिलं, उलकान पायांत बूट घालून बंद दाराशी उभी आहे.

"काय झालं, एजे?" एल्नुराने थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं विचारलं.

"बाहेर जायचंय."

"मग जा ना. कडी तुमच्याच हातात आहे."

हळूहळू ती जायला लागली. पण जायचं कुठे? दवाखान्याच्या बाकावर ती रोज जाऊन बसे. तिथे गोळ्यांचा वास होता, नावं पुकारली जात होती, आजूबाजूला माणसं बसलेली असत. शेवटी नर्सने तिला समजावलं, की महिन्यातून एकदा आलं तरी पुरतं. नर्स प्रेमाने बोलली होती, तरी उलकान पुन्हा त्या बाकावर बसली नाही.

तिला आठवण यायची ती मारिपाची. एकोणीस वर्षं दोघींच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. मारिपा तिची वेणी घालायची, आणि डॉक्टर पाठमोरे झाले की त्यांच्यासारखं चालून दाखवायची. "तू घोरतेस तेव्हा मला आमच्या गावची गाढवीण आठवते," असं म्हणायची, आणि उलकानला सर्दी होऊन घोरणं बंद झालं की काळजीने उठवायची. वॉर्ड रिकामा होताना मारिपाची भाची चोलपोन गाडी घेऊन आली आणि तिला कोचकोर गावी घेऊन गेली. उलकान तेव्हा न्हाणीघरात होती. बाहेर आली तर शेजारच्या खाटेवर नुसती गादी. मारिपाने नर्सजवळ पत्त्याची चिठ्ठी तेवढी ठेवली होती.

सप्टेंबरात उलकानने लोकरीचे मोजे विणले, एक गोल नान घेतला आणि कोचकोरला जाणाऱ्या गाडीत बसली. एवढा लांबचा प्रवास तिने एकटीने कधी केला नव्हता. घाट संपेपर्यंत तिने चिठ्ठी मुठीतून सोडली नाही.

चोलपोनच्या घरी नातवाला पाळण्यात घालायचा समारंभ होता. अंगण माणसांनी भरलं होतं. मारिपा मखमली बंडी घालून समोवाराजवळ बसली होती आणि पाहुण्यांना चहा ओतून देत होती. उलकानला पाहून तिचा हात थांबला.

"कोण आपण?" चोलपोनने विचारलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ही वॉर्डातली, हे तिने ओळखलं होतं.

उलकानने तोंड उघडायच्या आत मारिपा म्हणाली, "माझी मैत्रीण आहे. मॉस्कोतली."

तेव्हा उलकानला कळलं. गावाला सांगितलं होतं की मारिपा इतकी वर्षं रशियात कामाला होती. लोकांनी सरकून तिला जागा दिली, पुढ्यात तळलेले बोरसोक आणि साय ठेवली. एका म्हातारीला भारी उत्सुकता.

"काय काम करायचात गं तिथे?"

"शिवणकाम," उलकान म्हणाली. "एकाच खोलीत राहायचो." दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या.

"थंडी फार असेल?"

"खिडक्या उघडतच नव्हत्या. त्यामुळे एवढी नाही वाटायची."

मारिपाने मान खाली घातली आणि चहा ओतत राहिली.

निघताना ती फाटकापर्यंत आली. उलकानने मोजे तिच्या हातात दिले. मारिपा ते हातातल्या हातात फिरवत राहिली.

"इथे सगळे चांगले वागतात," ती म्हणाली. "घरातलंसुद्धा कुणी वेडी म्हणून चिडवत नाही, बघ."

"मग बरं आहे की."

"उलकान, तू परत येऊ नकोस."

उलकानने फाटकाच्या कडीला हात घातला.

"रागावू नकोस गं. तू समोर आलीस की मला तिकडेच जावंसं वाटतं."

"तिकडे आता कुणी नाही. कुलूप आहे."

"ठाऊक आहे मला," मारिपा म्हणाली. तिने उलकानच्या डोक्यावरचा सुटलेला रुमाल नीट बांधून दिला आणि आत गेली.

परतताना गाडीतल्या बाईने विचारलं, नातेवाईक का? उलकानने नुसती मान हलवली. त्यातून हो की नाही, ते त्या बाईला कळलं नसावं.

त्यानंतर आठवडाभराने शेजारची सादात अंगणाच्या भिंतीपलीकडून बोलायला आली. बाई मोकळी होती. आधीही तिने एकदोनदा टोमॅटो दिले होते. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने सहज विचारलं, "इतकी वर्षं कुठे होतात, एजे? नातलग कुणी येताना दिसत नाहीत."

उत्तर तयार होतं, मारिपाने तिच्यासमोरच वापरलेलं. मॉस्को म्हटलं असतं तर सादातने थंडीबद्दल विचारलं असतं, भिंतीवरून चहाचे प्याले आले गेले असते. उलकानने वाळत घातलेली चादर चाचपून पाहिली.

"इस्पितळात," ती म्हणाली. "डोक्याच्या. सव्वीस वर्षं."

सादात "बरं" म्हणाली. मग चुलीवर दूध आहे असं सांगून घरात गेली.

त्यानंतर ती भिंतीशी आली नाही. एल्नुराला कळलं तेव्हा ती म्हणाली, "सांगायची काय गरज होती, एजे? कायद्याने तुम्हाला कुणी विचारू शकत नाही." उलकान म्हणाली, "कायद्याने नव्हतं विचारलं तिने."

पहिला बर्फ पडला. तुर्सुन भिंतीकडे तोंड करून जेवत राहिली. सादात कधी रस्त्यात भेटली तर लांबूनच सलाम करायची आणि पावलं उचलायची. उलकान उत्तरादाखल मान लववायची. सलाम लांबूनचा होता, पण तो आपण कुणाला करतोय हे सादातला ठाऊक असायचं. मग उलकान आपल्या किल्लीने दार उघडून घरात जायची आणि ते आतून स्वतः लावून घ्यायची.