शेवटच्या पाकिटातली पानं

"बर्फ पुरतलो मा गो?" रुक्मिणीने दारातून विचारलं.

"पुरतलो. तू जा," वेनेसा म्हणाली.

झाडलोट करणारी रुक्मिणी गेली आणि मालवणच्या कॉलेजातली ती प्रयोगशाळा रिकामी झाली. दिवाळीची सुट्टी होती. वेनेसाला मात्र घरी बसवत नसे. आई गेल्यापासून आचऱ्याच्या घरात तिला स्वतःच्या चपलांचा आवाजही मोठा वाटायचा.

तिने फ्रीझरमधून शेवटचं पाकीट काढलं. आत मिठबावच्या मरियमचाचीच्या आंब्याची पानं होती. समुद्राच्या तोंडावरचं झाड. खाऱ्या वाऱ्याने आसपासची कलमं करपायची, हे हिरवंगार. त्याच्या पानांत असं काय आहे, हेच तिच्या मार्गदर्शक विनीत सरांना शोधायचं होतं. पण पानात एकच प्रथिन इतकं भरलेलं असतं की बाकीची त्याच्यामागे दिसेनाशी होतात. ते आधी काढून टाकायचं. दोनदा तिचं फसलं होतं. मधल्या वादळात झाडच उन्मळून पडलं. नवी पानं आता मिळणार नव्हती.

खलात पानं वाटून तिने अर्क काढला. नळी बर्फात धरून ते प्रथिन तळाला बसवणारी पूड चिमूट चिमूट घातली. कमी पडली तर ते प्रथिन तसंच राहणार, जास्त झाली तर बारीक प्रथिनंही त्याच्याबरोबर तळाला जाणार. यंत्रात फिरवल्यावर तळाशी पांढुरका साका बसला. वरचं पाणी तिने श्वास रोखून अलगद उचललं.

त्यातली प्रथिनं तिने जेलच्या पातळ थरात वेगवेगळी पसरू दिली आणि त्यावर रंग चढवला. दुसऱ्या दिवशी जादा रंग धुतल्यावर जेलवर त्या प्रथिनाचा नेहमीचा जाड निळा डाग नव्हता. त्या जागी वरपासून खालपर्यंत बारीक रेघा उमटल्या होत्या. बाकीची प्रथिनं दिसू लागली होती.

मग तिने मस्कतला भावाला फोन लावला.

"लिओन, जमला रे."

"काय जमला?"

"ता पानांचा."

"बरा झाला. हयसर साहेब इलो, मगे करतंय फोन."

विनीत सरांना तिने फोटो पाठवला. त्यांचा अंगठा आला.

दुपारी ती एसटीने मिठबावला गेली. मरियमचाची पडवीत एकटीच तांदूळ निवडत होती. अंगणात आंबा होता तिथे नुसता खड्डा होता.

वेनेसाने मोबाईल पुढे केला. "चाची, ह्यो तुझो आंबो."

"ह्यो? हेच्यात नुसते रेघो."

"खारो वारो तेणी कसो सोसलो, ता हेच्यातसून कळतला."

"म्हणजे परत रुजतलो?"

"नाय गो."

चाचीने मान हलवली. सूप बाजूला सारून तिने हात पदराला पुसले, मोबाईल हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. तेवढ्यात पडदा विझला. तिने तो वेनेसापुढे धरला.

"परत लाव," ती म्हणाली.