दाण्याचं लोणी

ऑफिसात तिला कचराबाई म्हणत. आजाऱ्याच्या घरी गेली की माणसांशी बोलायच्या आधी ती कचऱ्याचा डबा उघडायची. काय खाल्लं ते माणसं विसरतात, लाजेकाजेस्तव लपवतात, डब्यात मात्र सगळं असतं. विकतच्या खाण्यातून विषबाधा झाली की ती नेमकी कशातून झाली ते शोधायचं, हे तिचं काम. या खेपेला दोन लहान मुलं दगावली होती आणि बरीच इस्पितळात होती. जवळजवळ प्रत्येक घरात एकाच कंपनीच्या पीनट बटरची बाटली सापडली. दुकानांतून तो माल उचलायचा हुकूम निघणार, तेवढ्यात माशी शिंकली.

एका घरात बाटली नव्हती. मुलगा आजारी, जंतू तोच, पण बाटली नाही. कंपनीच्या वकिलाला आयतं कोलीत मिळालं. आमचा माल न खाताही पोरं आजारी पडतायत, मग आमच्याच नावाने का ओरडता, असं तो म्हणाला. साहेबांनी लगेच हात वर केले. हे साहेब पंखा किती जोरात लावायचा तेही वरच्यांना विचारून ठरवणारे. "ते घर जुळव, मग बघू," म्हणाले. तोवर माल दुकानाच्या फळीवर, कुणीही उचलून न्यावा. कचराबाईला रागाने जेवण गेलं नाही.

म्हणून ती त्या घरी पुन्हा आली. मुलाचे आईवडील इस्पितळात होते. घरी एकटी आजी, मुलाच्या वडिलांची आई.

"परवाच सांगितलं ना!" आजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आमच्याकडे बाहेरचं काही येत नाही. पोरगं ब्रेडला लावून खातं ते दाण्याचं लोणी. ते मी करते. अख्खी गल्ली नाव काढते."

"तेच बघायला आलेय आजी. करून दाखवता?"

कचराबाईचा संशय दाण्यांवर होता, नाहीतर मिक्सरवर. आजी जरा घुटमळली, मग उठली. कढई काढायला तिने हात वर केला तो खांद्याशीच अडला, तेव्हा कचराबाईने कढई काढून दिली. पिशवीतल्या दाण्यांना खवट वास येत होता. भाजताना निम्मे करपले. सालं काढायला आजीने मूठभर दाणे घेतले, पण तिची सुजलेली, वाकडी बोटं मिटेनात आणि दाणे ओट्यावरून घरंगळत खाली गेले. मिक्सरच्या भांड्याचं झाकण तिने आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी, मग फडक्यात धरून फिरवून पाहिलं. ते जागचं हललं नाही. उठून मदत करावी असं कचराबाईला फार वाटलं, तरी ती बसून राहिली.

"आजी, हे कधीपासून?"

"सुनेला सांगू नका," आजी म्हणाली. मघाचा तोरा पार उतरला होता. "या घरात माझं काय उरलंय हो? भाजी चिरायला घेतली तर, 'आई, राहू द्या, तुम्ही बसा.' हे एवढं एकच माझं होतं. घरात कुणी नसलं की दुकानातलं आणते, माझ्या बरणीत भरते. बाटली बागेजवळच्या कचऱ्यात टाकून येते. वरून चिमूटभर मीठ घालते. मीठ तरी माझंच ना."

कचराबाईने पर्समधून बाटलीचा फोटो काढला. "हीच?"

"हीच."

घर जुळलं. आता साहेबांना पळवाट नव्हती. तिला हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली, कारण समोरच्या म्हातारीला अजून काही कळलंच नव्हतं. आपली लबाडी पकडली गेली, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"आजी, या बाटल्यांमध्येच जंतू आहेत. तुमचा नातू त्यानेच आजारी पडलाय. ती बरणी द्या मला, तपासायला न्यायची आहे."

आजी भिंतीला टेकली.

"सून घेऊन गेली सकाळी," ती म्हणाली. "पोराचं सलाइन काढलंय, पण तोंडात काही घेत नाही. आजीचं लोणी हवं म्हणून अडून बसलाय."

कचराबाईने आजीच्याच फोनवरून सुनेला फोन लावला, स्पीकर चालू केला. ती तोंड उघडणार तोच पलीकडून सून बोलू लागली.

"आई! मी आत्ता तुम्हालाच लावणार होते. खाल्लं हो त्याने! नर्सची नजर चुकवून दिलं. चमचा अगदी चाटूनपुसून खाल्ला. डॉक्टरांची औषधं एकीकडे आणि तुमच्या हाताची चव एकीकडे!"

आजीने कचराबाईच्या हातातून फोन ओढून घेतला.

"डॉक्टरला बोलव. आधी डॉक्टरला बोलव. ते माझ्या हातचं नाही गं. विकतचं आहे. त्यातूनच बाधलंय त्याला. मी कधीपासून विकतचंच आणते."

पलीकडे सून हसली.

"काहीतरीच काय आई! मला चव कळत नाही का? मीसुद्धा खाल्लं आत्ता. नेहमीसारखंच तर झालंय."