एकोणसाठ रेघा

अरे थांबा, मधे कुणी बोलू नका, नाहीतर मी विसरेन! काल माझी मुलाखत होती ना, औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं छापतात त्या छापखान्यात? छापलेला कागद तपासायची नोकरी. दोन ठिकाणांहून मी आधीच हात हलवत परत आलेली. आई दारातच म्हणाली, "ही तरी घालवू नकोस. आणि घड्याळांचा विषय काढलास तर याद राख!"

तुम्हाला माझं माहितीये. जुनी, पातळ, चावीची, सूटबुटात मिरवायची घड्याळं. त्यात तबकडी जरा वेगळी दिसली की मी गेलेच. अकरा जमवलीत. दादा म्हणतो, "घरात अकरा घड्याळं आणि अकरांचं एकमेकांशी पटत नाही!"

तर मी आत गेले. समोर छापखान्याचे मालक. माझी फाईल घ्यायला त्यांनी हात पुढे केला आणि बाहीतून घड्याळ बाहेर आलं. दुधाळ तबकडी, केसासारखे काटे, कडेने मिनिटांच्या रेघा. आणि सात-आठच्या मधे तीनच रेघा! चार हव्यात ना? तबकड्यांच्या एका खेपेत छापणाऱ्याने एक रेघ खाल्ली आणि उरलेल्या तीन अशा सारख्या अंतरावर बसल्या की कुणाच्या बापाला कळू नये. चार वर्षं मी ही तबकडी फक्त फोटोत बघत होते रे!

मग काय, साहेब विचारतायत शिक्षण, मी बघतेय मनगट. साहेब विचारतायत अनुभव, माझी मान आपली तिरकी. शेवटी ते म्हणाले, "तुम्हाला कुठे जायची घाई आहे का?"

झालं! म्हटलं, बुडालोच आहोत तर खरं सांगून बुडू.

"नाही सर, तुमच्या घड्याळात एक मिनिट कमी आहे."

"मागे पडलंय?"

"नाही, छापलेलंच नाहीये."

साहेबांनी घड्याळ काढून पेनाच्या टोकाने रेघा मोजल्या. अठ्ठावन्न. परत मोजल्या, एकसष्ट. "अहो, लग्नात सासऱ्यांनी दिलंय, छत्तीस वर्षं घालतोय!" मग त्यांनी तपासणी खात्याच्या मुख्य बाईंना हाक मारली. गळ्यात दोरीला भिंग, म्हणून सगळे त्यांना भिंगताईच म्हणतात. ताईंनी टाचणीने एकेक रेघ मोजली.

"एकोणसाठ. साहेब, सासऱ्यांनी तासाला एक मिनिट मारलंय तुमचं."

मी सांगितलं, अशी चुकलेली तबकडी दुर्मिळ, जमवणारे मोठी किंमत देतात. साहेब खूश! हळूच मला विचारतात, "तुम्ही घ्याल का हे?"

"सर, खरी किंमत मला झेपणार नाही, आणि कमी सांगितली तर झोप लागणार नाही. ठेवा जपून."

भिंगताईंना माझं काडीचंही कौतुक नाही. त्यांनी एक लेबल माझ्यापुढे सरकवलं. "घड्याळात दिसलं, कागदात दिसतं का बघू. चुका काढ. पाच मिनिटं."

मी वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं, उलटं धरून वाचलं. काही नाही! शेजारी साहेब बायकोला फोनवर सांगतायत, "अगं, खराब नाही, दुर्मिळ! दुर्मिळ!" मनात आलं, एखादा स्वल्पविराम धरून ठोकून द्यावं. नोकरी हवीये ना? पण औषधाचं लेबल ते, नसलेली चूक कुठून आणू?

"ताई," म्हटलं, आणि आवाज असा की जणू मीच काहीतरी चोरलंय, "यात चूक नाहीये."

ताईंनी भिंग खाली सोडलं. "सकाळपासून तिघं येऊन गेले. एकाने दोन काढल्या, एकाने चार. तिसऱ्याने तर औषधाचं नावच सुधारून दिलं!"

"म्हणजे?"

"म्हणजे सोमवारी नऊला ये. आणि इथे कागद बघायचा, साहेबांचा हात नाही."

मी इतक्या जोरात "हो" म्हटलं की पलीकडे यंत्रावरचे दोघं काम थांबवून वळून बघायला लागले!