दाढ कोण बघतंय?

त्या दिवशी संकष्टी होती. ठाकुर्लीच्या फ्लॅटमध्ये हेमाताई देवासमोर अथर्वशीर्ष म्हणत बसल्या होत्या. स्वयंपाकघरात त्यांचा मुलगा साकेत बायकोला विचारत होता, "निळा शर्ट इस्त्रीला दिलेला, कुठाय?"

"आणायचा राहिला. आत्ता जाते," संचिता म्हणाली.

"राहिला? मग दिवसभर करतेस काय तू?"

हेमाताईंनी डोळे उघडले. देवघरातून ओटा समोरच दिसतो. साकेतनं संचिताची मान मागून धरली आणि तिचं तोंड ग्रॅनाइटच्या कडेवर आपटलं. ती गुडघ्यांवर आली तसं केस धरून वर ओढलं आणि पुन्हा आपटलं. भिजवलेल्या साबुदाण्यात रक्त सांडलं. शेजारी आवाज जाऊ नये म्हणून हेमाताईंनी घंटा उचलली आणि वाजवतच राहिल्या.

गेल्या वर्षी सुनेचं मनगट मोडलं, तेव्हा 'रिक्षातून उतरताना पडली' हे सोसायटीभर त्यांनीच सांगितलं होतं. आता रविवारी धाकट्या लेकीचा, सान्वीचा साखरपुडा होता. पुढचा दात तुटलेली सून व्याह्यांसमोर कशी उभी करायची, हीच काळजी त्यांना आधी लागली. सुनेला दुखत असेल, हे नंतर सुचलं.

डोंबिवलीच्या दवाखान्यात डॉक्टर वैशालींनी संचिताला खुर्चीवर आडवं केलं. "काय झालं?"

"बाथरूममध्ये घसरली हो," हेमाताईच बोलल्या. "रविवारी कार्य आहे. समोरचा दात तेवढा छान दिसेल असं करा."

डॉक्टरांनी आरसा घालून नीट पाहिलं. "काकू, दिसण्यासाठीचं काम वेगळं, दुरुस्तीचं वेगळं. नुसता टवका उडाला असता तर दाताच्या रंगाचं सिमेंट लावून आज सोडलं असतं. त्यानं दात भरतोही आणि दिसतोही बरा. पण ह्याची नस उघडी पडलीय. आधी रूट कॅनाल, मग कॅप. कॅप दिसायलाही चांगली आणि चावायलाही कामाची. खरी काळजी मागच्या दाढेची आहे. चीर गेलीय तिला. ती तशीच ठेवली तर आत पू होईल."

"दाढेचं नंतर बघू. ती कोण बघतंय?"

"मी जेवते त्या दाढेनं, आई," संचिता सुजलेल्या ओठांतून म्हणाली.

डॉक्टरांनी दाढेला हलकेच हत्यार लावलं आणि संचिता किंचाळली. हेमाताई दचकल्या. ओट्यापाशी तर ही गप्प होती, असं त्यांच्या मनात आलं, आणि पाठोपाठ उमगलं. ओरडली असेल. घंटा आपणच वाजवत होतो.

"पडणारा माणूस आधी हात टेकतो," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "हिच्या हातांवर ओरखडा नाही. मानेवर बोटं उठलीत. कुठे पडलीस, संचिता?"

संचितानं सासूकडे पाहिलं. "तुम्ही सांगता की मी सांगू?"

तेवढ्यात खाली गाडीत बसलेला साकेत वर आला. "अजून किती वेळ? बोललेलो ना, पुढचा करून घ्या आणि निघा. काय लेक्चर चाललंय?"

"दाढ चिरलीय तिची," डॉक्टर म्हणाल्या. "बाहेर थांबा तुम्ही."

"माझी बायको आहे. चल गं, ऊठ." त्यानं तिचा दंड धरून खुर्चीतून खेचलं. ट्रे खणखणत खाली गेला, संचिताचं डोकं दिव्याच्या दांड्यावर आदळलं.

हेमाताई दोघांच्या मधे शिरल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "हात काढ, साकेत."

"आई, तू मधे पडू नकोस."

"मधे पडले नाही, तिथेच चुकलं माझं. ओट्यावर दोनदा आपटलंस तिला. मी बघत बसले होते. हे मी आता पोलीस चौकीत सांगणार आहे."

"सान्वीचं लग्न मोडशील, म्हातारे," असं म्हणत त्यानं त्यांना ढकललं. त्या कपाटावर आदळल्या, कपाळ फुटलं. बाहेर बसलेले पेशंट दारात उठून आले. त्यांना पाहून तो शिव्या देत जिना उतरला.

डॉक्टरांनी हेमाताईंच्या कपाळावर कापूस दाबला. "आधी काय करायचं, काकू? दात की दाढ?"

"मला कशाला विचारता? तोंड तिचं आहे."

संचितानं गळ्यातला रक्ताळलेला नॅपकिन काढला. "कळ थांबेल एवढं औषध द्या फक्त. दात आत्ता असाच राहू दे. चौकीत बघू दे त्यांना."

हेमाताईंनी आधारासाठी हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही.

"तुम्ही माझ्यासाठी येताय की स्वतःच्या मनाला बरं वाटावं म्हणून, ते मला अजून कळत नाहीये," ती म्हणाली. "पण या. साक्ष तुमचीच लागेल."

आणि हेमाताई कपाळावर कापूस धरून तिच्या मागोमाग जिना उतरू लागल्या.