तळ्याकाठची वाट

१९३६ सालच्या मे महिन्यात धारवाडचे वकील रामचंद्रराव आपल्या भाच्यांना, शाळामास्तर राघवेंद्र आणि त्याची थोरली बहीण अंबूताई यांना घेऊन डोंगरावरचं तळं बघायला निघाले. सकाळच्या गाडीनं अळणावरच्या पुढच्या एका लहान स्टेशनावर उतरले. तिथून नागोजी गवळी वाट दाखवायला बरोबर आला.

तीन मैल चढून गेल्यावर झाडीतून पाणी चमकलं. उन्हाळ्यानं तळं आटून काठावर चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता.

"मास्तर, तिकडनं नको," नागोजी म्हणाला. "वरनं वाळलंय, खाली गाळ हाय. खडकावरनं वळसा घालून जाऊ." आणि तो मागे राहिलेल्या मामांना हात द्यायला गेला.

राघवेंद्राला वळशाचा कंटाळा आला. तो हलक्या अंगाचा, झपझप पलीकडे गेलासुद्धा. मग झाडीतून मागाहून येणाऱ्या, नागोजीचं बोलणं न ऐकलेल्या अंबूताईला त्यानं हाक मारली, "अक्का, इकडून ये! नागोजीच म्हणतोय."

अंबूताई चार पावलं आली आणि मांडीपर्यंत रुतली. नागोजीनं धावत येऊन तिला ओढून काढलं, पण पायाचं हाड मोडलं होतं.

"वाटाड्या म्हणवतोस आणि बाईमाणसाला गाळात घालतोस?" मामा कडाडले.

नागोजीनं राघवेंद्राकडे पाहिलं. राघवेंद्र खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

नागोजी अंबूताईला पाठीवर घेऊन सगळा डोंगर उतरला. स्टेशनावर मामांनी चारचौघांत बजावलं, "या माणसाबरोबर कुणी वर जाऊ नका." राघवेंद्र तिकिटं काढायला खिडकीकडे वळला.

धारवाडला अंबूताई पायाला फळ्या बांधून पडून होती. रोज तिला दूध देऊन राघवेंद्र लगेच खोलीबाहेर जायचा. आठव्या दिवशी ती सहज म्हणाली, "बिचाऱ्या नागोजीचाही अंदाज चुकला."

"त्याचा नाही चुकला, अक्का. त्यानं नको म्हटलं होतं. मी खोटं बोललो."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "मला सांगून काय उपयोग? मामांना सांग. आणि तिकडे जा."

त्यानं सांगितलं, तेव्हापासून मामांनी त्याचं तोंड बघणं सोडलं. रविवारी तो एकटाच गेला आणि स्टेशनावर हमालांसमोर सगळं कबूल केलं. नागोजीला वाटाड्या म्हणून आता कुणी बोलवत नव्हतं. तो तिथेच मोळ्या विकत बसला होता.

"ह्यांना सांगितलंत, बरं झालं," तो म्हणाला. "आता घरी येऊन माझ्या बायकोला सांगा. लोकांची बोलणी तिनं खाल्लीत."

झोपडीच्या दारात उभं राहून राघवेंद्रानं पुन्हा सगळं सांगितलं. तिनं गोवऱ्या थापायचं काम थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "बाईंचा पाय कसा हाय?"

"डॉक्टर म्हणतात, लंगडत चालावं लागेल."

तिनं नुसती मान हलवली. बसा म्हणाली नाही.

गाडीची वेळ झाली तसा नागोजी त्याला पोचवायला निघाला. तो पुढे चालत होता. वाटेत पाण्याला विचारलं नाही की राग काढला नाही. राघवेंद्राला वाटलं, यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.