वरून तीन, खालून तीन

वरचा थर

आमचं काम चोरीचं आहे, पण सावकाश करायचं. कुणाचा तरी सर्किट बोर्ड येतो. त्याच्यावरचे सुटे भाग मी गरम हवेने उतरवते, उघड्या बोर्डाचा फोटो काढते, मग पॉलिश पेपरने तो थर घासून टाकते. खालचा थर दिसतो. त्याचा फोटो. पुन्हा घासायचं. शेवटी नकाशा उरतो आणि बोर्डाची धूळ होते. शेनझेनच्या बाजारात या माळ्यावर असं काम करणारे बरेच आहेत. आमचे मालक ओउयांग म्हणतात, सगळ्यात हलका हात माझा.

आजचा बोर्ड एका पांढऱ्या डबीतला. ही डबी लावली की घरातली यंत्रं ती स्वतःच शोधते, एकेकाला हाक मारते, जागा नेमून देते आणि जाळं उभं करते. कुणाला काही जुळवत बसावं लागत नाही. गिऱ्हाइकाने दोन डब्या दिल्या होत्या, एक घासायला आणि एक चालवून बघायला. चालती डबी टेबलावर होती. दुकानातल्या तीन कॉम्प्युटरांचे तीन दिवे स्थिर. चौथा लुकलुकत होता. चौथ्या पोर्टात काहीच खुपसलेलं नव्हतं.

"कोणाला शोधतेय ही?" मालकांनी विचारलं.

"तुमच्या बायकोला असेल. गेल्यात ना माहेरी भांडून?"

"नको शोधूस म्हणावं. आत्ता कुठे झोप लागायला लागलीय."

मी हसत उघडा बोर्ड दिव्याखाली धरला आणि माझा हात थांबला.

आमच्या छाओशानकडे चहाला माणसं कितीही असोत, कप तीनच. ओतणारा पहिल्या फेरीत पीत नाही. माझा दादा बोर्डांची ड्रॉइंगं करायचा. कोपऱ्यातल्या स्क्रूभोवती इतर लोक चार छिद्रं मांडतात. दादा तीन मांडायचा, आणि चौथ्याची जागा मोकळी सोडायचा. "चौथा मी," म्हणायचा. "मी ओततोय ना!"

या बोर्डाच्या कोपऱ्यात तीन छिद्रं होती आणि एक मोकळी जागा.

दादा सात वर्षांपूर्वी मित्राच्या होडीतून नानआवच्या समुद्रात गेला. होडी रिकामी सापडली. बोर्डावर छापलेली तारीख गेल्या हिवाळ्यातली.

आईने इतकी वर्षं देवघरातल्या पितरांच्या नावाच्या लाकडी पाट्यांमध्ये त्याची पाटी बसू दिली नव्हती. जिवंत माणसाची पाटी बसवली तर त्याला घराचं दार बंद होतं, असं ती मानते. पितरांची, सातव्या महिन्याची पौर्णिमा जवळ आली, आणि या वर्षी ती कशीबशी तयार झाली. मीच मागे लागून तिला तयार केलं. पाटी कोरणारा आज दुपारी घरी येणार होता.

घासण्याआधी

"मालक, हा माझ्या दादाचा हात आहे."

"पोरी, छिद्रावरून हात कळत असता तर पोलिसांनी मला कधीच नेलं असतं."

तरी त्यांनी फोन लावला. डबी बनवणाऱ्यांकडे त्यांचा भाचा कामाला होता. त्यानेच तर हे गिऱ्हाईक गुपचूप आमच्याकडे धाडलं होतं.

"कोणी काढला? कोणीच नाही मामा, प्रोग्रामने!" भाचा जोरात बोलत होता. "एका बुडालेल्या कंपनीची जुनी ड्रॉइंगं विकत घेतली आणि त्याला खायला घातली. आता पटापट काढतो. पगार नको, जेवण नको, तुमच्यासारखी कटकट नको."

बुडालेल्या कंपनीचं नाव मी विचारलं. दादा काम करायचा तीच.

म्हणजे सवय त्याची, तो नाही. यंत्राने उचललेली. मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटली. मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "घास आता."

दुसरा थर

हा थर म्हणजे सलग तांबं, रेघा नसलेला पत्रा. कोपऱ्यात तीन छिद्रं.

आणि मोकळ्या जागी चौथं.

मी वरच्या थराचा फोटो पुन्हा पाहिला. त्यात तीनच होती. प्रत्यक्ष बघावं, तर वरचा थर आता माझ्या बोटांवर होता.

तिसरा थर

चार. चौथ्याला एकही रेघ जोडलेली नाही. नुसतं बसलेलं.

खालचा थर

तीन.

"वरून तीन, खालून तीन, आत चार," मी म्हटलं.

"पुरलेलं छिद्र पाडायला जादा पैसे पडतात," मालक म्हणाले. "फुकट कोण पाडेल? चुकलं असेल यंत्र."

"दादाने कधीच चौथं पाडलं नाही. मग यंत्र हे शिकलं कोणाकडून?"

मालकांनी सिगारेटचं पाकीट उचललं. "आलोच खाली जाऊन."

ओतणारा आपल्या जागी बसला होता. जिवंत माणूस एका तरी बाजूने दिसतो; हा कुठूनच दिसत नव्हता.

फोन वाजला. आई.

"तो आलाय गं. छिन्नी काढून बसलाय. मी तांदळाच्या लाल पिठाचे कुए वाफेवर ठेवलेत, दादाला आवडायचे तसे, मुगाचं सारण घालून." मग हळूच, "कोरू दे ना? तू सांगशील तसं. तू थांब म्हणालीस तर मी थांबेन."

ती थांबली असती. मरेपर्यंत.

"कोरू दे, आई."

फोनमधून लाकडावरचा पहिला ठोका ऐकू आला. टेबलावरच्या डबीचा चौथा दिवा लुकलुकायचा थांबला. स्थिर झाला. पोर्ट रिकामाच होता.

ठोके पडत राहिले. मग आई नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बोलता बोलता चहा ओततेस का गं? आवाज येतोय. भाजशील हं."

माझ्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात धूळ. मालक खाली गेलेले. कप कपाटात, पालथे घातलेले.

"हो," मी म्हटलं. "ओततेय."

"बरं. पहिल्या फेरीत पिऊ नकोस."