निरंजन महाराजांचं संजीवन तेल

घोटावड्याच्या बिरोबाच्या पटांगणात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. हिंजवडीकडे निघालेल्या गाड्या कडेला थांबत होत्या, काचा खाली होत होत्या, आणि आत चमत्कार चाललाय असं कळलं की माणसं गाडी बंद करून उतरत होती. मेंढरांमागे फिरणारे आणि संगणकापुढे बसणारे एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसले होते. एरवी ग्रामसभेला एवढी एकी कधी दिसली नव्हती.

मंडपात वनौषधीसम्राट निरंजन महाराज उभे होते. भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्ष आणि कानाला लावलेला महागडा माईक. "हे तेल माझं नाही, भक्तांनो," महाराज म्हणाले, "हिमालयातल्या एकशे आठ वनस्पतींचं आहे. कोणतीही जखम असू द्या, वैद्य थकले, डॉक्टर हरले की मग या तेलाकडे या." तेलाला मात्र करंजाचा वास येत होता, आणि करंजाची झाडं गावच्या ओढ्यालाच उभी होती. हिमालयापर्यंत कोण जातंय विचारायला.

मग मुख्य प्रयोग. महाराजांनी दंडापर्यंत बाही सारली आणि भंडारा मागितला. स्वतःचा नको म्हणाले. उद्या कुणी म्हणेल, त्यात काही मिसळलं होतं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या धुळाने कमरेची पिशवी सोडून बिरोबाचा भंडारा पुढे केला. आपल्याच देवाची हळद, आपल्याच पिशवीतली. आता शंकेला जागा कुठे उरली? महाराजांनी हात पिवळाधमक माखला, शुद्धीच्या पाण्यातली सुरी काढली आणि सर्रकन ओढली. हातावर लालभडक रेघ उमटली, ओघळ कोपरापर्यंत आला. बायकांनी डोळ्यांवर पदर घेतले. महाराजांनी तीर्थ शिंपडलं, तेल चोळलं, फडक्याने पुसलं. हात जसाच्या तसा. टाळ्या थांबेनात. हिंजवडीच्या कंपनीतल्या अमोघ नावाच्या तरुणाने तर चित्रफीत काढता काढता तेल सेंद्रिय आहे का एवढीच चौकशी केली. बाकी सगळं त्याला पटलं होतं.

मागे उभ्या असलेल्या नंदाला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. धुळा तिचा सासरा. त्याला साखरेचा आजार, आणि तळपायाला चिघळलेली जखम. नंदा पिरंगुटच्या एका दवाखान्यात परिचारिका होती, रोज स्वतः पट्टी बदलायची. डॉक्टरांनी बजावलं होतं की हयगय झाली तर पाय जाईल. पण तेलाची बाटली देताना महाराजांनी पट्टी सोडायला बंदी घातली होती. तेल वरूनच ओतायचं. धुळा ते निष्ठेने पाळत होता.

नंदाने विनवलं, भांडून पाहिलं, सासूला मध्ये घातलं. म्हातारा हटेना.

"रगत मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय," तो म्हणाला. "ते कसं आलं आन् कुटं गेलं ते सांग. मग सोडतो पट्टी."

नंदाला सांगता येईना. महाराज लबाड आहेत हे तिला कळत होतं, पण कळणं आणि दाखवून देणं यांत फार अंतर असतं. पायाला वास यायला लागला तशी तिची झोप उडाली.

सुटीच्या दिवशी ती धुळाचं धोतर धुवायला बसली. भंडाऱ्याने पिवळं झालेलं. ओलं करून साबण फिरवला, आणि पिवळ्या डागाची लालभडक रेघ झाली. लग्न होऊन आल्यापासून ती हे दर आठवड्याला बघत आली होती, म्हणून तर कधी बघितलंच नव्हतं. शाळेत हळदीच्या कागदाचा प्रयोग तिने दोन गुणांसाठी पाठही केला होता. आता ती साबण हातात धरून तशीच बसली. स्वतःचाच राग आला तिला.

पुढच्या रविवारी महाराजांनी भंडारा मागितला तेव्हा नंदा पुढे झाली आणि आज माझ्या हातावर करा म्हणाली. महाराज मधाळ हसले. स्त्रीदेहावर आम्ही शस्त्र चालवत नाही म्हणाले.

"शस्त्र नकोच," नंदा म्हणाली. "माझं मी आणलंय."

तिने सासऱ्याच्या पिशवीतला भंडारा हाताला चोळला आणि पदराआडून कपड्याच्या साबणाची ओली वडी काढून मनगटापासून कोपरापर्यंत ओढली. हात रक्ताळला. बायकांनी पुन्हा डोळ्यांवर पदर घेतले. मग तिने लिंबू पिळलं, आणि रक्त गेलं.

"हळदीला साबण नाहीतर चुना लागला की ती लाल होते, लिंबानं परत पिवळी," ती म्हणाली. "यांच्या शुद्धीच्या पाण्यात चुना हाय, तीर्थात लिंबू हाय, आन् सुरी बोथट हाय. सुरी धुऊन पुन्हा चालवा म्हणावं."

शस्त्राला पाणी लावलं तर देवीचा कोप होतो असं महाराज म्हणाले. पाण्यातून काढलेली सुरी हातात धरूनच म्हणाले. तेव्हा पहिल्यांदा लोक हसले.

अमोघने विचारलं, पण आयुर्वेदात जखमेची तेलं आहेतच ना?

"हायेत. पण खरा वैद्य आधी जखम उघडून बघतो, साखर विचारतो. यांनी कुणाची जखम बघितली? दर वेळी आपलाच धडधाकट हात दाखवला."

सगळ्यांचा विश्वास हलला, धुळाचा हलला नाही. त्याचा आवाज पडला होता, पण हट्ट तसाच होता. "हात खोटा असंल. पर माझा ठणका तर गेला न्हवं तेलानं?"

नंदा त्याच्यापुढे खाली बसली. "आबा, बिरोबाच्या कळसाकडं बघा. मी पायाला बोट लावलं की सांगा."

धुळा कळसाकडे बघत राहिला. बराच वेळ गेला.

"लाव की," तो म्हणाला.

नंदाचा अंगठा केव्हापासून त्याच्या टाचेत रुतला होता. सगळ्यांनी पाहिलं. मग तिने पट्टी सोडली. तेलाने कुजलेल्या कापडाखाली, जखमेच्या कडेला, बाभळीचा अख्खा काटा मोडून बसला होता. म्हातारा तो घेऊन रानोमाळ हिंडला होता. ठणका तेलाने गेला नव्हता. साखरेने पायाची जाणीवच मारली होती.

धुळाने काटा हातात घेतला. जन्मभर तो रोज सांजेला एकेका मेंढराचा खूर उचलून काटा बघत आला होता. "मेंढरू लंगडलं न्हाई तरी मी खूर बघतो," तो हळूच म्हणाला. "सवताचा पाय बघायचा राहिला."

महाराज त्याच गडबडीत निघून गेले. बाटल्या मागेच राहिल्या. धुळाच्या पायाची दोन बोटं गेली, पाय वाचला. आता सांजेला मेंढरांचे खूर बघून झाले की तो आपला पाय नंदापुढे करतो.

एवढंच मागणं आहे, वाचकहो. कुणी आपला हात दाखवून तुमची जखम बरी करायला निघाला, तर त्याच्या हाताकडे बघू नका. आपली पट्टी सोडा आणि आपला पाय बघा.